दुसरा नव्हे, बदली पासपोर्ट

भाच्याला पोर्तुगीज पासपोर्ट काढायचाय, आणि आठवडाभर घरात दुसरा विषय नाही. सगळे त्याला 'दुसरा पासपोर्ट' म्हणतात, तिथेच माझी चिडचिड होते. दोन नागरिकत्वांना पोर्तुगालची ना नाही, आपल्याकडे आहे. घटनेचं कलम ९ आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा दोन्ही एकच सांगतात: परक्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलंत की भारताचं संपलं. पहिला देऊन हा घ्यायचा.

हक्क मात्र खरा. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना पोर्तुगाल अजून आपलं मानतं, त्यांच्या मुला-नातवंडांनाही वाट आहे. माझे वडील, अण्णा, १९४० चे, फोंड्याजवळचे. भारत सरकारच्या १९६२ च्या आदेशाने ते भारतीय झाले, कुठे अर्जबिर्ज न करता. आता त्यांच्या माघारी त्यांचा जन्म लिस्बनला नोंदवायचा, मग आईशी झालेलं लग्न, मग ताईचा जन्म, आणि मग भाच्याचा नंबर. त्यात जुन्या पोर्तुगीज दप्तरातलं आडनावाचं स्पेलिंग एक, शाळेच्या दाखल्यावरचं दुसरं, आधारवर तिसरंच. म्हणजे प्रतिज्ञापत्रं आली, वकील आला.

खरी अडचण ताईची आहे. ती सरकारी शाळेत शिक्षिका, निवृत्तीला चार वर्षं. नुसता जन्म तिकडे नोंदवला तर भारतीय नागरिकत्व जातं, की पासपोर्ट घेतल्यावरच? यावरून गोव्यात निवडणुकांपर्यंत वाद पोचले आहेत. वकील म्हणतो, काही होत नाही हो. त्याचं काय जातंय, पेन्शन ताईचं आहे.

पूर्वी आमच्याकडची मुलं याच पासपोर्टवर इंग्लंडातलं साउथॉल-स्विंडन गाठायची. ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, नव्याने जाणाऱ्यांना ती वाट बंद. पण युरोपीय संघाचे २७ देश उरतातच, आणि हॉटेल मॅनेजमेंट केलेल्या भाच्याचा डोळा आयर्लंडवर आहे. व्हिसाच्या रांगेत उभं न राहता तिथे नोकरी धरायची, ही लहान गोष्ट नाही. तो खरंच जाणार असेल तर एवढा खटाटोप करावा, असं माझं मत. 'असू दे, पुढेमागे उपयोगी पडेल' म्हणून कपाटात ठेवायला मात्र अजिबात नाही. भारतीय पासपोर्टही गुपचूप जवळ ठेवणारे मी पाहिलेत. पुढे तो रद्द होतो आणि ओसीआय कार्डासाठी (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते) हेलपाटे सुरू होतात. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने अशांना थोडी सवलत दिली, पण मुळात ही वेळ आणावीच कशाला?

ओसीआय घेतलं तरी मत नाही, निवडणूक नाही, शेतजमिनीची खरेदी नाही. आमचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, त्याला वारशाने येईल, पण शेजारचा तुकडा विकायला निघाला तर घेता येणार नाही. पंचविशीत हे कोणाला बोचतंय! मला बोचतं. त्या तुकड्यावर माझा कधीपासून डोळा आहे, आणि पंचायतीच्या मतदानाला मी तापातही गेलोय. मला कोणी फुकट आणून दिला तरी तो पासपोर्ट नको.

ताई निवृत्त होईपर्यंत थांब, असं मी भाच्याला सुचवून पाहिलं. तो म्हणाला, "मामा, तोवर लिस्बनवाल्यांनी कायदाच बदलला तर?" मुद्दा चुकीचा नाही. रविवारी वकिलाकडे जायचं ठरलंय. ताईही येणार आहे, भांडायच्या तयारीने.