प्रागमध्ये प्रदर्शनाची मांडणी करताना: माझा अनुभव

प्रागच्या ‘फामू’ या संस्थेत छायाचित्रणाचे शिक्षण घेत असताना, नवोदित चेक छायाचित्रकारांच्या एका सामूहिक प्रदर्शनाच्या मांडणीत मदतनीस म्हणून काम करण्याची संधी मला मिळाली. छायाचित्रांची निवड आधीच झालेली होती. कोणते छायाचित्र किती आकारात, कोणत्या कागदावर आणि कोणाच्या शेजारी लावायचे, हे मात्र अजून ठरायचे होते.

चेक कलाशाळांमध्ये सत्राच्या अखेरीस ‘क्लाउझुरी’ ही परीक्षा असते. तिच्यात विद्यार्थी आपले काम शिक्षकांपुढे मांडतो आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देतो. त्यामुळे येथील तरुण सुट्या चित्रापेक्षा मालिकेचा विचार आधी करतात. एकच ‘उत्तम फोटो’ निवडणाऱ्या स्पर्धांमधून मी घडलो असल्याने ही सवय मला फार मोलाची वाटते.

सर्वाधिक चर्चा झाली ती ओस्ट्रावाच्या एका तरुणीच्या मालिकेवर. त्या शहरातील कोळशाचे उत्खनन १९९४ मध्ये थांबले आणि तिचा जन्म त्यानंतरचा. निवृत्त खाणकामगारांच्या घरांतील भिंती, दिवे आणि दाराशी ठेवलेले जाड बूट एवढेच तिने टिपले होते. आयोजकांना मोठे प्रिंट हवे होते. ती मात्र तळहाताएवढ्या आकारावर ठाम होती. अखेर दोन्ही आकारांचे चाचणी-प्रिंट भिंतीला चिकटवून पाहिले. मोठ्या प्रिंटमध्ये बूट दुरूनच ओळखू येत आणि नजर पुढे सरके; लहान प्रिंटजवळ जावे लागे आणि मग टाचेची एका बाजूने झालेली झीज दिसे. तिचेच म्हणणे खरे होते.

या आग्रहामागे चेक परंपराही आहे. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेले चेक छायाचित्रकार योसेफ सुदेक १९४० पासून बहुतांशी निगेटिव्हच्याच आकाराचे कॉन्टॅक्ट प्रिंट काढत. त्यांचा प्रागच्या उयेझ्द रस्त्यावरील लाकडी स्टुडिओ १९८५ मध्ये जळाला, परंतु त्याच जागी उभारलेल्या प्रतिकृतीत आज छायाचित्रांची प्रदर्शने भरतात. आकाराचा वाद रंगला, तेव्हा आम्ही सारे तेथे जाऊन आलो.

प्रत्यक्ष टांगणी त्या मानाने सोपी गेली. सुती हातमोजे घालून प्रिंट माउंटमध्ये, म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीत, बसवले, चित्रांचा मध्य जमिनीपासून सुमारे १५० सेंटिमीटरवर येईल अशी रेषा आखली आणि प्रत्येक फ्रेम स्पिरिट लेव्हलने तपासली. खरा त्रास दिला तो काचेवरील प्रतिबिंबांनी. समोरच्या भिंतीवरील भडक रंगांची, स्टुडिओत रचून काढलेली मालिका या लहान प्रिंटच्या काचांवर उमटत होती. दिवे फिरवून भागले नाही, म्हणून ती मालिका शेजारच्या दालनात हलवली. तेथे तिला अधिक जागा मिळाली आणि बूट पुन्हा स्वच्छ दिसू लागले.