सुई हलली नाही

१ मार्च, अलिबाग

पहाटेचे साडेतीन वाजले तरी डोळ्याला डोळा नाही. घड्याळ अलिबागचं झालं, झोप अजून नॉर्वेच्या ट्रॉम्सोतच अडकलीय. तिकडे आत्ता रात्रीचे अकरा. म्हणजे माझी बहीण माई आणि मी नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे आभाळातला तो ध्रुवीय प्रकाश, बघायला बर्फात पाय आपटत उभ्या असायची वेळ. शेवटी उठून चहा केला आणि वही घेऊन पडवीत बसले. सहलीत रोज लिहायचं ठरवलं होतं. पण बाहेर थंडीने पेन चालेना, आणि आत आलं की अंगावरचे थर उतरवण्यातच अर्धा तास जायचा. मग कसली रोजनिशी!

काल दिवसभर ओटीवर वर्दळ होती. प्रश्न एकच, ‘दिसलं का?’ मी फोन पुढे करायचे. समोरच्या काकू म्हणाल्या, ‘देवाने हिरवी पैठणी वाळत घातलीय जणू.’ काकूंचं बोलणं नेहमी असंच छान. पण मला आतून चुटपुट लागून राहिली. कारण त्या फोटोंतले निम्मे पहिल्या रात्रीचे आहेत, आणि पहिल्या रात्री मला हिरवं काहीसुद्धा दिसलं नव्हतं. दोघीतिघींना सांगून पाहिलं. ‘अगं, फोटोत तर एवढं स्पष्ट आहे’ म्हणाल्या. म्हणजे मीच खोटी!

पहिल्या रात्री पन्नास माणसांची मोठी बस होती. भाच्याने ऑनलाइन बुक केलं होतं, माणशी पंधरा हजारांच्या घरात. समुद्राकाठच्या एका पार्किंगच्या जागेत बस उभी केली आणि दोन तास तिथेच. वर ढग. मधे एक फट पडली, त्यातून राखाडी पट्टा दिसला, विझलेल्या चुलीतून निघतो तसा. गाईड ओरडला, ‘नॉर्दर्न लाइट्स!’ लोकांनी फोन वर धरले, तीन-तीन सेकंद स्थिर ठेवले, आणि काय, स्क्रीनवर हिरवंगार! सगळे आनंदाने चित्कारायला लागले. ढगांचे पैसे परत मिळत नाहीत हे पावतीवर आधीच छापलेलं, आणि आता तर ‘दिसलं’ म्हणून पुरावाच तयार झाला. माई म्हणते ती रात्र वाया गेली. मी म्हणते, चक्क फसवलं.

२ मार्च

काल फसवलं असं लिहिलं, ते जरा उतावळेपणाने. कंपनीचं सोडा, पण फोन खोटं बोलत नव्हता. दुसऱ्या रात्रीच्या गाईड मुलीने नीट समजावलं. अंधारात आपल्या डोळ्यांतल्या ज्या पेशी काम करतात त्यांना उजेड कळतो, रंग कळत नाही. प्रकाश मंद असला की डोळ्यांना तो राखाडीच दिसणार. कॅमेरा तोच प्रकाश सेकंदभर, तीन सेकंद साठवत राहतो, म्हणून त्याला हिरवा सापडतो. मला लगेच पोपटी आठवली. जानेवारीत शेतात वालाच्या शेंगांचं मडकं जाळात लावतो तेव्हा जाळापासून चार पावलं बाजूला पडलेला भांबुर्डीचा पाला काळाच दिसतो की! हिरवा आहे हे आपल्याला माहीत असतं इतकंच.

तर ही दुसरी रात्र. आठ माणसांची छोटी गाडी. गाईड आणि ड्रायव्हर एकच, माझ्या भाचीच्या वयाची पोर. निघताना तिने उपग्रहावरचं ढगांचं चित्र दाखवलं. किनाऱ्यावर सगळं पांढरं, डोंगरांच्या पलीकडे मोकळं. समुद्रावरून येणारी ओल डोंगर अडवतात, पलीकडचा भाग कोरडा राहतो, असं ती हातवारे करून सांगत होती. हे कोकणातल्या बाईला सांगतेस होय! आम्ही इथे जूनपासून छपराखाली भांडी मांडतो, आणि घाट चढून पलीकडे गेलं की ‘यंदा पाऊस नाही हो’ सुरू.

दोन तास गाडी फिनलंडच्या दिशेने, स्किबोटनच्या खोऱ्यात. हद्द ओलांडावी लागलीच तर म्हणून पासपोर्ट जवळ ठेवायला सांगितलं होतं. माईने तो कापडी पिशवीत घालून कमरेला बांधला, त्यावर थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर जाकीट, आणि सगळ्यावर कंपनीने दिलेला तो एकसंध अवजड पोशाख. पासपोर्ट मागितला असता तर माईला तिथे सोलावं लागलं असतं. कुणी विचारलं नाही, देव पावला. त्या पोशाखात लघवीला जाणं हा एक वेगळाच अध्याय आहे, तो मी लिहिणार नाही.

उणे अठरा. नाकातला श्वास आत कुरकुरतो. बर्फात खड्डा करून तिने लाकडं पेटवली, भोवती रेनडिअरची कातडी अंथरली आणि माशाचं सूप वाढलं. कॉड होता, दूध-साय घातलेला. आमसूल नाही, मिरचीचा पत्ता नाही. माई दोन वाट्या प्यायली आणि वर म्हणाली, ‘बिचाऱ्यांना शिकवायला कुणी नाही गो.’ जाळाभोवती अनोळखी माणसं गप्प बसलेली, तोंड भाजतंय आणि पाठ गारठतेय, मडकं अजून झालं नाही म्हणून वाट बघायची, अगदी पोपटीच. फक्त इथे मडक्यावर पाणी शिंपडून झालं की नाही ते बघायची सोय नव्हती. गाईडने सगळ्यांना फोन बंद करायला लावले. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि एका स्क्रीनने ती सगळी फुकट जातात. एकाने डोक्यावरची बॅटरी लावली तर तिने त्याला असा झापला की आमच्या शाळेतल्या बाईच आठवल्या.

साडेदहाच्या सुमारास उत्तरेकडे पुन्हा ती राखाडी कमान. या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत. मी मनात म्हटलं, झालं, आजही तेच. जाळाकडे वळून हात शेकत राहिले. किती वेळ गेला कोण जाणे, कुणीतरी दचकल्यासारखं काहीतरी म्हणालं म्हणून मान वर केली.

कमानीची खालची कड धारदार झाली होती आणि ती हिरवी होती. खरोखरची. माझ्या डोळ्यांना. आवणातली रोपं लावणीला येतात तेव्हाचा तो हिरवा, जरा पिवळ्याकडे झुकणारा. मग ती कड पळायला लागली. खिडकीच्या पडद्याला एका टोकाला धरून झटका द्यावा तशी लाट डावीकडून उजवीकडे गेली आणि तिच्या तळाशी गुलाबी रेघ, क्षणभरच, पुन्हा बघेपर्यंत नाही. पडदे दोन झाले, चार झाले, आणि अचानक बरोबर डोक्यावर एका बिंदूतून सगळीकडे किरण फुटले. बर्फ हिरवा झाला. माईचा चेहरा हिरवा झाला.

आणि आवाज नाही. हे कुठल्या फोटोत, व्हिडिओत कळत नाही. आभाळ एवढं हलतंय म्हटल्यावर कान आपोआप गडगडाटाची वाट बघतात, आणि ऐकू येतं ते फक्त ओल्या लाकडाचं चरचरणं. शंभर किलोमीटर वर चाललंय सगळं, तिथे आवाज करायला धड हवाही नाही.

माई एकदम खाली बसली. मला वाटलं चक्कर आली. ‘मान दुखते गो,’ असं म्हणून ती सरळ बर्फात उताणी झाली. मग मीही. साठी उलटलेल्या दोन बहिणी, एवढाले पोशाख घालून, ओंडक्यासारख्या पडलेल्या. गाईड धावत आली, कुणीतरी घसरून पडलं समजून. माईने नुसतं वर बोट दाखवलं. तीही मग आमच्या शेजारी आडवी झाली. सात-आठ मिनिटं असेल सगळं. त्यातला एकही फोटो माझ्याकडे नाही. हातमोजा काढायचं सुचलंच नाही.

परतीच्या गाडीत बाकी सगळे घोरत होते. मी पुढच्या सीटवर, तिला झोप येऊ नये म्हणून बोलत राहिले. माझं इंग्रजी मोडकंतोडकं, तिचं सावकाश, म्हणून जमलं. सूर्याकडून सुटलेले विद्युतभारित कण, पृथ्वीचं चुंबकत्व त्यांना ध्रुवांकडे वळवतं, तिथे ते हवेवर आदळतात. ऑक्सिजनचा हिरवा, आणखी वर गेलं की ऑक्सिजनचाच लाल, तळाची गुलाबी कड नायट्रोजनची. ट्यूबलाइटमध्ये वायू पेटतो तसाच प्रकार. त्यांच्या क्रिस्टियन बिर्केलँड नावाच्या शास्त्रज्ञाने निर्वात पेटीत एक चुंबकीय गोळा टांगून त्याच्या टोकांशी असा उजेड पाडून दाखवला होता. जुन्या दोनशेच्या नोटेवर त्याचं चित्र होतं म्हणाली. १८९९ मध्ये त्याने उत्तरेच्या एका डोंगरमाथ्यावर हे बघायला वेधशाळा उभारली, आत दगडी भिंती, बाहेर वादळं.

वेधशाळा म्हटलं आणि मला एकदम घर आठवलं.

५ मार्च

आमच्या गावात एक चुंबकीय वेधशाळा आहे. आयुष्यभर तिच्या बाजूने गेले. समुद्रावर फिरायला जाताना, मुलांना शाळेत सोडताना, बँकेतून येताना. आत काय चालतं, असा प्रश्न पडला नाही. लोक रिक्षावाल्याला ‘मॅग्नेटिकपाशी सोड’ म्हणतात, तेवढाच संबंध.

आमच्या आळीतले एक काका तिथे नोकरी करून निवृत्त झाले. आज संध्याकाळी त्यांच्याकडे गेले, सोबत नॉर्वेचं चॉकलेट. ‘दिसलं का?’ त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, ‘कुठल्या तारखेला दिसलं? किती वाजता?’

मग दीड तास बोलत होते. मूळची वेधशाळा मुंबईत कुलाब्याला, १८२६ पासून. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामा येणार असं ठरलं, आणि विजेच्या तारा आल्या की लोहचुंबक थयथयणार. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी खाडीपलीकडे अलिबाग शोधलं. १९०४ पासून इथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी सुरू आहेत, ट्राम धावली १९०७ मध्ये. ट्रामा कधीच्या बंद झाल्या, नोंद अजून चालू. यंत्रांच्या खोल्या लोखंड न वापरता बांधलेल्या. आत जायचं तर किल्ल्या, घड्याळ, पट्टा, सगळं बाहेर काढून ठेवायचं. ‘एकदा मी चष्मा बदलला होता,’ काका म्हणाले, ‘तर साहेबांनी आधी त्याच्या काड्या तपासल्या.’

नोंदीची रेघ रोज दुपारकडे थोडी चढते आणि संध्याकाळी उतरते. सूर्याने वरची हवा तापवली, विद्युतभारित केली की तिथे प्रवाह सुरू होतात, त्याची ती खूण. वादळ नसलं तरी रोज. हे ऐकताना मला का कोण जाणे बरं वाटलं.

मुंबईतही दिसला होता हा प्रकाश, काका म्हणाले. ४ फेब्रुवारी १८७२, संध्याकाळी. वर्तमानपत्रात आलं होतं, आणि एडनला जाणाऱ्या समुद्राखालच्या तारेवर संदेश धड जाईनात. माझे पणजोबा तेव्हा इथेच वाडीत असणार. उत्तरेला आभाळ रंगलेलं बघून ‘कुणाची तरी भाताची उडवी पेटली’ म्हणाले असतील आणि सुपारीला पाणी लावायला गेले असतील. घरात तरी त्याची काही आठवण उतरलेली नाही. अलीकडे, १० मे २०२४ च्या रात्री, लडाखला हानलेच्या वेधशाळेतून क्षितिजाजवळ लाल उजेड दिसला, आणि अलिबागची रेघ रात्रभर खाली खाली घसरत गेली.

मग मी मुद्द्यावर आले. ‘काका, आमच्या त्या रात्री इथली सुई हलली होती का?’

‘सुई नाही आता, संगणकावर रेघ येते.’ त्यांनी तिथल्या एका मुलाला फोन लावला. माझी तारीख, वेळ सांगितली, पलीकडून काहीतरी उत्तर आलं. काकांनी फोन ठेवला आणि हसले. ‘सपाट. ट्रॉम्सो त्या प्रकाशाच्या पट्ट्यातच आहे, त्यांना रोजच्या किरकोळ हालचालीतही दिसतं. आपल्याकडे कळायचं तर मोठं वादळ लागतं.’

एवढं आभाळ फाटलं, आणि माझ्या घरापासून दहा मिनिटांवर ढिम्म काही नाही. मला थोडा रागच आला. कुणाचा ते सांगता येणार नाही.

रात्री माईला डोंबिवलीला फोन केला, सगळं सांगितलं.

‘मग? हलली का सुई?’

‘नाही गो.’

‘बरं,’ माई म्हणाली. ‘पांढऱ्या कांद्याच्या माळा आल्या का बाजारात? दोन पाठव. मागच्या वेळच्या मऊ निघाल्या होत्या.’