कितवा आलास बे?

बेल्जियममधल्या गेंटहून सुट्टीवर बेळगावला आलं की दोन प्रश्न ठरलेले: कधी आलास आणि कधी जाणार. यंदा मधेच तिसरा घुसला, शर्यतीत कितवा आलास बे? जूनमध्ये मी तिकडे सायकल शर्यतीत उतरणार ही बातमी आईने टिळकवाडीपासून शहापूरपर्यंत पोचवून ठेवली होती. तर ऐका, कितवाच नाही. निम्म्या फेऱ्या झाल्या आणि पंचांनी हात करून बाहेर काढलं. निकालाच्या यादीत माझ्या नावापुढे आकडाच नाही.

फ्लँडर्समध्ये, म्हणजे गेंट ज्या भागात आहे तिथे, उन्हाळाभर गावोगाव जत्रा भरतात आणि जत्रेला सायकल शर्यत असतेच. गावातल्या कॅफेत नाव नोंदवायचं, अनामत ठेवून पाठीवर लावायचा नंबर घ्यायचा आणि चर्चला वळसा घालत त्याच त्या रस्त्यांवर फेऱ्या मारायच्या. फार मागे पडलेल्याला थांबवतात, नाहीतर फेरी पुरी करून मागून येणारा घोळका त्याच्यावरच आदळायचा. हौशी गट म्हटलं म्हणून भुलू नका. माझ्या पुढे केस पिकलेले, थोडं पोट सुटलेले आजोबा होते, आणि ते शेवटपर्यंत पुढेच राहिले.

तिथली वळणं माणसाला खातात. पहिला जेमतेम ब्रेक लावतो, मधला जरा जास्त आणि शेपटाला असलेला जवळजवळ थांबतोच. आपलं दुसरं रेल्वे गेट उघडल्यावर होतं तेच: पहिली रिक्षा केव्हाच पसार, मागची गाडी अजून पहिल्या गिअरमध्ये. मग उठून, पॅडलवर उभं राहून ते अंतर भरून काढायचं. हे प्रत्येक वळणावर, प्रत्येक फेरीत. पुढे बसलेले आजोबा हा खर्च करतच नव्हते.

अंतराला एवढं भ्यायचं का? पुढच्याच्या चाकामागे हातभरावर राहिलं तर सपाटीवर साधारण पाव ते एक तृतीयांश जोर वाचतो. जागा सुटली की सगळा वारा आपल्या एकट्याच्या छातीवर. आणि ताशी 30 वरून 40 वर जायचं तर नुसती हवा कापायलाच दुपटीहून जास्त ताकद लागते. माझी जागा सुटली ती शेतातल्या उघड्या पट्ट्यावर. वारा बाजूने होता. अशा वाऱ्यात घोळका रस्त्यावर तिरका पसरतो आणि रुंदीत मावतील तेवढ्यांनाच आडोसा मिळतो. बाकीचे कडेच्या गवताला घासत एकामागे एक. मी बाकीच्यांत. चोर्ला घाट गोव्याच्या बाजूने न थांबता चढणारे पाय घेऊन गेलो होतो, पण तिथे चढच नव्हता.

त्या रात्री चांगल्यापैकी उदास होतो. यातलं किती शर्यतीचं आणि किती रिकाम्या पोटाचं, हे कळायला दुसरा दिवस उजाडावा लागला. म्हणून हरलेल्या संध्याकाळी सायकल विकायचे, नवी महागडी चाकं घ्यायचे, खेळ सोडायचे निर्णय घेऊ नयेत असं माझं मत झालंय. आधी जेवावं, झोपावं.

इकडे आल्यावर सांत्वन भरपूर मिळालं. ‘भाग घेतलास हेच मोठं’ हे वाक्य ऐकून मला अजून चीड येते. एका मित्राने माहिती काढून आणली, की 1903 च्या पहिल्या टूर द फ्रान्समध्ये 60 जण निघाले, 21 पोचले आणि शेवटचा पहिल्याच्या 64 तासांहून जास्त मागे होता. माहिती म्हणून झकास. पण तो पोचला, मी नाही!

उपयोग झाला तो मामांचा. उभी हयात तालमीत गेलेली, धीरबीर देण्याच्या भानगडीत ते पडत नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, ‘पडलास, की सोडलास?’ दोन्ही नाही, मागे सुटलो म्हटल्यावर, ‘कुठं सुटलास? ते सांग की.’ मग टेबलावर बशी म्हणजे चर्च, चमचा म्हणजे रस्ता असं मांडून मला फेरी दाखवावी लागली. तिसऱ्या वळणापाशी ते म्हणाले, ‘मग तू सुरुवातीलाच मागं का उभारलास?’ खरं तर मागे उभं राहिलं की पुढच्यांचं बघून शिकता येईल असा माझा हिशेब होता. पण सगळं पाणी तिथेच मुरत होतं, पायांत नव्हे.

तेव्हापासून सकाळी पिरनवाडीवरून जांबोटीच्या रस्त्याला लागतो. जुलैत वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे जाताना नाकासमोर, येताना पाठीला. एवढा चांगला सराव गेंटलासुद्धा रोज मिळत नाही. मित्र आलटून पालटून पुढे होतात आणि मी त्यांच्या चाकामागे हातभर जागा धरून राहायला शिकतोय. पावसात पुढच्याच्या चाकाचा चिखल थेट दातात येतो, तरी जागा सोडायची नाही. जो सुटेल त्याने जांबोटीत चहा आणि भज्यांचे पैसे द्यायचे. अजून बहुतेक मीच देतो. पण पूर्वी किणये यायच्या आत सुटायचो, आता कुसमळीपर्यंत टिकतो.