काश्मीरला विमानानं जाताय आणि घरात कृत्रिम पाय वापरणारं कुणी असेल तर आधी हे वाचा

परवा रात्री दीड वाजता अमळनेरला घरी पोचलो, झोप अजून पुरी झालेली नाही, पण डोकं शांत होत नाहीये म्हणून आजच लिहून टाकतो. काश्मीर कसं आहे ते यात फारसं सापडणार नाही. गुलमर्गचा गोंडोला, दल सरोवर, पहलगाम सगळं छान, गाडीवाला सज्जन, जेवणही बरं, आठ दिवस कसे गेले कळलं नाही. त्यावर ढीगभर लोकांनी लिहिलंय. मला लिहायचंय ते परतीच्या प्रवासातल्या पंचवीस मिनिटांबद्दल.

आम्ही चौघं होतो, मी, बायको, मुलगी आणि माझी माय. मायचं वय 62. शुगरमुळे 2019 मध्ये तिचा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला, तेव्हापासून कृत्रिम पाय आहे. त्या पायावर ती शेतात जाते, मंगळग्रहाच्या मंदिरात मंगळवारी तास-तास रांगेत उभी राहते, त्यामुळे तिच्या चालण्याची काळजी मला नव्हती. घोड्यावर बसू दिलं नाही म्हणून माझ्यावरच रागावली होती. काळजी होती ती विमानतळावरच्या चेकिंगची, आणि त्याबद्दल मी निघायच्या आधी चार जणांना विचारलं. चौघांनी चार उत्तरं दिली आणि चारही चुकीची निघाली.

त्यातलं सगळ्यात चुकीचं सांगणारा होता तिकीट काढून देणारा. "व्हीलचेअर टाकून देतो भाऊ, चेकिंगच लागत नाही, डायरेक्ट आत." साफ खोटं. व्हीलचेअरवरचा माणूस त्या धातू ओळखणाऱ्या दरवाज्यातून चालत जाऊ शकत नाही म्हणून त्याची हातानं पूर्ण झडती होते, खुर्चीसुद्धा तपासतात. म्हणजे चेकिंग कमी होत नाही, वाढतं. व्हीलचेअर घ्यायची असेल तर लांब चालावं लागतं म्हणून घ्या, चेकिंग टळेल म्हणून घेऊ नका. आणि ती 48 तास आधी एअरलाइनला कळवून ठेवा, त्याचे पैसे लागत नाहीत. ढकलणाऱ्यानं मागितले तरी देणं बंधनकारक नाही.

आता एक गोष्ट आधीच सांगतो, मी चेकिंगच्या विरोधात नाही. 1999 च्या डिसेंबरात आयसी 814 कंदहारला नेलं तेव्हा मी शाळेत होतो, आठ दिवस आमच्या गल्लीतल्या एका टीव्हीसमोर सगळी आळी बसून होती, एका प्रवाशाला मारलं ते कळलं त्या रात्री आमच्या आजीनं ताट तसंच सारलं होतं. त्याच्यानंतर, 2000 पासून आपल्या विमानतळांची सुरक्षा राज्यांच्या पोलिसांकडून काढून केंद्राच्या दलाकडे द्यायला सुरुवात झाली, त्याच्या आधी 1985 मध्ये कनिष्क विमानात सामानातल्या बॉम्बनं 329 माणसं गेली. आणि पहलगामला एप्रिल 2025 मध्ये 26 माणसं मारली, त्यात आपल्या महाराष्ट्रातले सहा जण. त्या गावात जाऊन आलोय मी. तपासा, दहा वेळा तपासा. माझं म्हणणं फक्त कसं तपासता याबद्दल आहे.

जाताना काय झालं ते आधी. पहिल्या विमानतळावर पडद्याच्या आत गेल्यावर मायनं स्वतःच सांगितलं की पाय लाकडाचा आहे (तिच्या भाषेत सगळेच कृत्रिम पाय लाकडाचे). आतल्या बाईंनी साडी थोडी वर घ्यायला लावली, पायाला बाहेरून हात लावून बघितलं आणि एक प्लास्टिकची दांडी आणली, तिच्या टोकाला पांढरी बोटभर पट्टी. ती पट्टी कृत्रिम पायाच्या वाटीवर (उरलेला पाय जिच्यात बसतो ती), बुटावर, मायच्या दोन्ही तळहातांवर फिरवली, मशीनमध्ये घातली, काही सेकंदात मशीननं ठीक आहे म्हणून दाखवलं. झालं, माय बाहेर. त्याला ईटीडी म्हणतात, स्फोटकाचा कण जरी लागलेला असला तरी ते मशीन पकडतं. हे नाव पाठ करून ठेवा, पुढे कामाला येईल.

श्रीनगरहून परत निघताना तर विचारूच नका. टर्मिनलच्या बरंच अलीकडे ड्रॉप गेटला गाडी थांबवतात, सगळे खाली, सगळ्या बॅगा मशीनमधून, अंगाची झडती, मग परत गाडीत बॅगा भरायच्या. टर्मिनलच्या दारात परत बॅगा मशीनमध्ये. मग नेहमीचं सिक्युरिटी चेक. आणि विमानात चढायच्या आधी अजून एकदा हातातली बॅग आणि अंग. तिथं जाणाऱ्यांनी फ्लाइटच्या तीन तास आधी ड्रॉप गेटला असावं, टर्मिनलला नाही, ड्रॉप गेटला. पण एवढ्या चार ठिकाणी मायला एकदाही पाय काढायला लावला नाही. प्रत्येक ठिकाणी हात लावून बघितलं, एका ठिकाणी ती पट्टी फिरवली, एका जवान पोरीनं तर "आंटी आराम से" म्हणत हाताला धरून पायरी उतरवली. देशातल्या सगळ्यात कडक चेकिंगमध्ये गणलं जाणारं ठिकाण ते.

आणि त्याच दिवशी दुपारी, मधल्या एका मोठ्या विमानतळावर (कुठलं ते लिहीत नाही, तक्रार दिलेली आहे) आम्हाला विमान बदलायचं होतं. स्वस्तात पडतं म्हणून मी तिकिटं वेगवेगळी काढली होती, म्हणून बाहेर पडून परत आत, परत चेकिंग. ही चूक माझी. सोबत असं माणूस असेल तर दोन हजार जास्त गेले तरी एकाच पीएनआरवर तिकीट काढा.

रांग मोठी होती. बायको आणि मुलगी पुढे गेल्या होत्या, माय पडद्यात गेली, मी पुरुषांच्या बाजूनं पलीकडे जाऊन उभा. पाच मिनिटं झाली, सात झाली, माय येईना. आतून आवाज येत होता, "माताजी पैर निकालना पड़ेगा, मशीन में जाएगा." माय हिंदीत कच्ची, ती काय बोलली ऐकू आलं नाही. मला आत जाता येईना, जाऊ देणारही नाहीत आणि ते बरोबरच आहे, बायकांची जागा आहे ती. बायकोला हाक मारली, ती वळून आली तर तिला म्हणे लाइन के पीछे रहिए.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हा पाय म्हणजे चप्पल नाही की काढली आणि घातली. आत सिलिकॉनचा मोजा असतो, त्याच्यावर दोन-तीन सुती मोजे, मोज्याच्या टोकाला खिळा असतो तो वाटीत जाऊन टकटक करत बसतो. काढायचा तर साडी मांडीपर्यंत वर घ्यावी लागते. आणि दिवसभराच्या प्रवासानं, विमानानं, तो उरलेला भाग सुजलेला असतो, एकदा वाटीतून बाहेर आला की परत आत बसत नाही, एक मोजा काढून बघ, पावडर लाव, उभं राहून वजन टाक, असं करत पंधरा-वीस मिनिटं जातात. हे सगळं तिला एका प्लास्टिकच्या स्टुलावर बसून करायचं होतं.

मी पट्ट्याकडे बघत होतो, आमच्या बॅगा येतील म्हणून. एका ट्रेमध्ये कुणाचा तरी लॅपटॉप आला, मग एक बेल्ट आणि पाकीट, आणि मग मायचा पाय आला. बुटासकट. निघायच्या आदल्या दिवशी अमळनेरच्या बाजारातून घेतलेला निळा बूट, लेस मुलीनं बांधलेली, डबल गाठ. मागच्या ट्रेनं ढकललं तसा तो ट्रे कडेला जाऊन तिरपा थांबला. आजूबाजूला वीसेक माणसं होती, सगळी बघत होती आणि मग सगळी दुसरीकडे बघायला लागली. मी तो उचलला तर तिथला माणूस म्हणाला हात मत लगाओ, वो मैडम ले जाएगी. मॅडमला यायला अजून चार मिनिटं लागली.

माय बाहेर आली तेव्हा पाय नीट बसलेला नव्हता, लंगडत होती. खुर्चीवर बसली आणि एवढंच म्हणाली, "आरे, मी काय चोर शे का?" पुढच्या विमानात ती एक शब्द बोलली नाही. खिडकीची सीट होती, बाहेरसुद्धा बघितलं नाही.

सकाळी चार वेळा तपासलेली बाई. पट्टी फिरवली असती तर दोन मिनिटांत काम झालं असतं आणि सुरक्षा तेवढीच राहिली असती, किंबहुना जास्तच, कारण स्फोटकाचा कण शोधायलाच तर ते मशीन ठेवलंय. पाय काढून घेतल्यानं विमान जास्त सुरक्षित झालं असं मला कुणी पटवून द्यावं.

आणि आता मला जास्त चीड येते ती यासाठी की हे आधी घडून गेलंय, त्यावर देशभर चर्चा झालीये. नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी ऑक्टोबर 2021 मध्ये व्हिडिओ टाकून पंतप्रधानांना विनंती केली होती की दर वेळी मला कृत्रिम पाय काढायला लावतात. तेव्हा विमानतळं सांभाळणाऱ्या त्याच केंद्राच्या दलानं दिलगिरी व्यक्त केली आणि स्पष्ट सांगितलं की कृत्रिम अवयव फक्त अपवादात्मक परिस्थितीतच काढायला लावायचा असतो. त्याच वर्षी डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं जीजा घोष यांच्या प्रकरणात म्हटलं की माणसाची प्रतिष्ठा राहावी म्हणून असा अवयव काढायला लावू नये, आणि दिव्यांग माणसाला त्याच्या संमतीशिवाय उचलूही नये. जीजा घोष म्हणजे सेरेब्रल पाल्सी असलेल्या कार्यकर्त्या, 2012 मध्ये त्यांना विमानातून उतरवलं होतं आणि 2016 मध्ये कोर्टानं त्यांना 10 लाख भरपाई द्यायला लावली. हे सगळं मला घरी आल्यावर वाचून कळलं. आधी माहीत असतं तर त्या पडद्याबाहेर मी गप्प उभा राहिलो नसतो. आपल्या खान्देशात वर्दी दिसली की आपण जी हो म्हणतो, तिथंच चुकतं.

तर जाणाऱ्यांनी काय करावं. युनिक डिसॅबिलिटी आयडी कार्ड आणि डॉक्टरांचं पत्र मोबाइलमध्ये नको, कागदावर हातात ठेवा. रांगेत लागायच्या आधीच सांगा की पाय कृत्रिम आहे आणि शब्द तोच वापरा, ईटीडी. "ईटीडी से चेक कीजिए, पैर नहीं निकालेंगे." आवाज चढवू नका, भांडू नका, बॉम्ब वगैरे शब्द चेष्टेतसुद्धा काढू नका, पण हलूही नका. तरीही म्हणाले तर शिफ्टच्या वरिष्ठांना बोलवायला सांगा. आणि खरंच काही शंका आली, मशीन वाजलं, तर वेगळ्या बंद खोलीत तपासा आणि घरची बाई सोबत असू द्या असं मागा. बाईची झडती बाईच घेणार, यात तडजोड नाही. घरातली बाई पुढे पाठवू नका, म्हातारीच्या मागेच ठेवा, आमची ही चूक झाली. पेसमेकर असणाऱ्यांनीही दरवाज्याआधीच सांगून हातानं झडती मागावी. वेळ आणि वर्दीवरचं नाव लक्षात ठेवा, तक्रार एअरसेवा या सरकारी पोर्टलवर करता येते.

गेटवर अजून एक प्रकार झाला. टी-शर्टवाला एक मुलगा आला, मायचं बोर्डिंग पास घेतलं आणि कॅमेऱ्यासमोर उभं करायला लागला, "चेहरा दाखवा, लवकर होतं." डिजियात्रा, म्हणजे कागद न बघता चेहरा ओळखून आत सोडायची सोय. डिसेंबर 2022 पासून सुरू झालंय, आणि ते ऐच्छिक आहे, सक्ती नाही. मी म्हटलं नको, आधारकार्ड दाखवून साध्या रांगेनं जातो. पाच मिनिटं जास्त लागली. तुम्हाला सोयीचं वाटत असेल तर खुशाल वापरा पण स्वतः अ‍ॅप बघून, विचार करून वापरा, कुणीतरी म्हातारीचा हात धरून चेहरा घेऊन टाकतो हे चालू देऊ नका. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे हे सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी 2017 मध्ये सांगून ठेवलंय.

सामानाचं पटकन. काळा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी हातातल्या बॅगेत नको, आमची दोन्ही डबे काढून घेतली, चेक-इनमध्ये टाका. सुकं खोबरं तर घेऊच नका. पॉवर बँक उलट, ती हातातच, चेक-इनमध्ये टाकली तर बॅग उघडायला बोलावतात. खान्देशातून जळगाव, ओझर, सुरत, संभाजीनगर, मुंबई असे पर्याय आहेत, वेळापत्रक बघून ठरवा, पण मायसारखं कुणी असेल तर पैशापेक्षा कमी वेळा विमान बदलावं लागेल ते निवडा. दोनदा बदलायचं असेल तर जाऊच नका, रेल्वेनं जा.

तक्रार काल रात्री टाकली. माय शेजारी बसून होती, मी काय काय लिहितो ते वाचून दाखव म्हणाली. सगळं ऐकून घेतलं. आत होती ती पोरगी वीस-बावीसची असेल, म्हणाली, तिचेही हात थरथरत होते, मागून कुणीतरी ओरडत होतं लवकर करा म्हणून. मग थोडा वेळ गप्प बसली आणि मला विचारलं, "तिनी नोकरी तं जावाव नही ना?" मी तक्रारीत एक ओळ वाढवली, की त्या मुलीवर कारवाई नको, तिला नीट शिकवा आणि ते पट्टीचं मशीन त्या पडद्याच्या आत ठेवा.