पोटमाळ्याचा जिना

गुरुवार, रात्री साडेअकरा

अंग आंबून गेलंय, पण झोप येत नाही. साकीनाक्याच्या गाळ्यातला शाईचा वास अजून ओढणीला आहे.

मंगळवारी दुपारी आदेश मिळाला. एक्स पार्टे, म्हणजे प्रतिवादीला कळू न देता. कोर्ट रिसीव्हरनं, म्हणजे कोर्टानं नेमलेल्या अधिकाऱ्यानं, गाळ्यात जायचं, बनावट लेबलं आणि ती छापायच्या प्लेट्स शोधायच्या, यादी करून सील करायचं. आदेश हातात पडला की पोटात गोळा येतो, इतक्या वर्षांनंतरही. मग दोन दिवस ऑफिसात सगळे हळू आवाजात बोलतात. गाळ्याचं नाव फोनवर कुणी उच्चारत नाही. मला हे दिवस मनापासून आवडतात. सॉलिसिटरचं बाकीचं आयुष्य कागदांत जातं. इथे मात्र कागद शटरपाशी जाऊन उभा राहतो.

सकाळी नऊला आम्ही पोलीस ठाण्यात होतो. दोन हवालदार मिळेपर्यंत साडेदहा झाले. अकराला गाळ्याचं शटर अर्धं उघडं, आत मशीन चालू. रिसीव्हरच्या प्रतिनिधींनी आदेश वाचून दाखवला आणि मालकाचा चेहरा उतरला. मी त्यांना म्हटलं, "तुमच्या वकिलांना फोन करा, आम्ही थांबतो." आम्ही अर्धा तास थांबलो. आमच्या पक्षकाराचा माणूस चुळबुळत होता, त्याला वाटत होतं तेवढ्यात माल गायब होईल. पण दोन्ही दारांशी हवालदार होते, आणि समोरच्याला सल्ला घेऊ न देता झडती घेणं मला जमत नाही.

केसांच्या तेलाची लेबलं मिळाली. अकरा गोण्या. प्लेट्स मिळाल्या नाहीत.

गाळ्याच्या मागच्या बाजूला एक लोखंडी जिना वर जात होता. पक्षकाराचा माणूस माझ्या कानाशी लागला, "मॅडम, प्लेट्स वरच आहेत, शंभर टक्के." मी चार पायऱ्या चढले. वर दाराला वेगळा नंबर, बाहेर चपला, दोरीवर वाळत घातलेलं लुगडं. दारातली बाई म्हणाली, "ताई, आत माझी सासू आहे. अंथरुणाला खिळलीय."

आदेशात पत्ता फक्त गाळ्याचा होता. मी खाली उतरले.

या आदेशांचं मूळ इंग्लंडात. 1975 च्या डिसेंबरात लंडनच्या अपील कोर्टानं अँटोन पिलर या विजेच्या मोटर बनवणाऱ्या जर्मन कंपनीच्या खटल्यात तो मान्य केला, आणि तेव्हापासून ते नाव या आदेशांनाच चिकटलं. न्यायमूर्ती ऑर्मरॉड यांनी तेव्हाच अटी घातल्या होत्या: दावा अत्यंत भक्कम हवा, नुकसान फार गंभीर हवं, पुरावा प्रतिवादीकडे आहे हे स्पष्ट दिसायला हवं आणि तो नष्ट होण्याची खरी भीती हवी. तरीही पुढे हे आदेश सर्रास मिळू लागले. 1992 च्या युनिव्हर्सल थर्मोसेन्सर्स खटल्यात अशीच एक गोष्ट पुढे आली. सकाळी सातच्या सुमाराला माणसं एका घराच्या दाराशी, घरात बाई एकटी, मुलं झोपलेली आणि त्या वेळी सल्ला द्यायला वकील कुठून मिळणार! त्यानंतर तिथे नियम आले: तटस्थ, अनुभवी सॉलिसिटरच्या देखरेखीखाली झडती, कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत, घरात एकटी बाई असण्याची शक्यता असेल तर सोबत एक स्त्री. सल्ल्यासाठी प्रतिवादी दोन तासांपर्यंतची सवड मागू शकतो.

मी तो निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा सॉलिसिटरच्या परीक्षेचा अभ्यास करत होते आणि ते सगळं फार दूरचं वाटलं होतं. आज तो जिना चढताना मला ती सकाळ आठवली.

आमच्याकडे ती देखरेख रिसीव्हरचे प्रतिनिधी करतात. अधिकार त्यांचा, मी फक्त सोबत. पण आदेश मागताना न्यायाधीशांसमोर एकच बाजू होती, आणि ती मांडणारे आम्ही होतो. दुसऱ्या बाजूला जे म्हणायचं असतं तेही आम्हीच सांगायचं असतं. आपल्या दाव्याची उणी बाजूसुद्धा. हे काम झडतीपेक्षा अवघड आहे. मी ज्युनिअरना सांगते, अर्जातला तो एक परिच्छेद आधी लिहा, बाकीचं नंतर.

खाली आल्यावर पक्षकाराचा माणूस बोलेना. संध्याकाळी त्याच्या साहेबांचा फोन आला आणि त्यांनी आवाज चढवला. म्हणाले, हातातोंडाशी आलेला घास गेला. कदाचित गेलाही असेल. वरच्या घरासाठी वेगळा आदेश मागता येईल, पण त्यासाठी पुरावा लागेल, आणि तोवर प्लेट्स तिथे राहतील का, कोण जाणे.

उद्याच प्रतिज्ञापत्र द्यायचं आहे: प्रतिवादीला कागद दिले, केव्हा, कसे. दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश 39, नियम 3 त्याला फार वेळ देत नाही. गोण्यांचा मसुदा झाला. जिन्याचं वाक्य तीनदा खोडलं. आता लिहिलंय: 'गाळ्यास लागून वर स्वतंत्र क्रमांकाचे निवासस्थान आहे. आदेशात त्याचा उल्लेख नसल्याने तेथे प्रवेश केला नाही.' हे तसंच राहू देते. साडेनऊला सही करायची आहे.