आर्वी तालुक्यातल्या एका ट्रंकेतली विमाने

पुलगावला रेल्वेतून उतरून आर्वीकडे जाणारी एसटी पकडली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी सुरू होती आणि तुरीला पिवळा फुलोरा आला होता. पुलगावचे नाव सैन्याच्या दारूगोळा भांडारामुळे सर्वांना माहीत आहे. मी मात्र त्याच्या पुढच्या एका लहान गावात निघालो होतो. तेथील एका शेतकरी कुटुंबातले आजोबा हवाई दलात फिटर, म्हणजे विमाने दुरुस्त करणारे, होते आणि त्यांच्या मागे राहिलेले फोटो ओळखून द्यावेत, असा निरोप त्यांच्या नातवाने पाठवला होता.

माजघरात शिरताच समोरच्या भिंतीवर फ्रेम दिसली. गणवेशातले आबाजी, मागे अवाढव्य विमान आणि काचेवर रोजच्या पूजेतला कुंकवाचा ठिपका, तोही नेमका विमानाच्या शेपटीवर, म्हणजे अनुक्रमांक असण्याच्या जागी! "भाऊ, हे काश्मीरचं इमान होय, सत्तेचाळीसचं," नातू म्हणाला. "आमचे आबाजी याच्यातच गेलते शिरनगरले."

कुंकू पुसायला सांगण्याची गरज नव्हती, कारण हे विमान शेपटीवाचूनही ओळखू येते. दोन पंखांवर दोन इंजिने, त्यांच्यापासून मागे जाणारे दोन लांब दांडे, ते जोडणारी आडवी शेपटी आणि मध्ये पेटीसारखे धड, अशी रचना असलेले आपल्या हवाई दलाचे मालवाहू विमान म्हणजे फेअरचाइल्ड पॅकेट. ते आपल्याकडे 1954 मध्ये आले. शिवाय या फोटोत धडाच्या पाठीवर मधोमध एक जेट इंजिन बसवलेले दिसते. हिमालयातल्या उंच धावपट्ट्यांवरून भरलेले विमान उचलताना दोन इंजिनांचा जोर अपुरा पडत असे, म्हणून ही जोड भारतातच नंतर देण्यात आली. पंखाखाली, आबाजींच्या खांद्याआड, पुढे आलेल्या बॉनेटचा एक ट्रक उभा आहे. भिंगाखाली तो शक्तिमान निघाला, आणि जर्मन मॅन कंपनीच्या परवान्याने होणारे शक्तिमानचे उत्पादन जबलपूरला 1959 मध्ये सुरू झाले. फोटो त्यातल्या सर्वांत नव्या वस्तूपेक्षा जुना असू शकत नाही, हा या कामातला पहिला नियम मी मानतो. म्हणून तो 1959 नंतरचाच, 1947 चा नव्हेच. छायाचित्रकाराने कौतुकाने टिपलेल्या विमानापेक्षा चौकटीत चुकून शिरलेला ट्रकच पुष्कळदा जास्त उपयोगी ठरतो.

"मंग आबाजी खोटं बोलत होते काय जी?" आतून काकूंचा आवाज आला. त्यांचा प्रश्न रास्त होता. आठवण खरी असते आणि तिला फोटो भलताच चिकटतो, असे घरोघरी घडते. मोठे, स्वच्छ छापलेले चित्र फ्रेममध्ये जाते आणि गोष्ट त्याच्या मागोमाग जाते. म्हणून मी ट्रंक उघडायला सांगितले.

त्यात 'स्पिटफायर' या ब्रिटिश लढाऊ विमानाचा म्हणून जपलेला एक फोटो होता. स्पिटफायरचे नाक लांब व निमुळते असते, तर याचे नाक गोल होते आणि दोन वैमानिकांसाठी अनेक चौकटींची लांबलचक काच होती; म्हणजे ते हार्वर्ड हे प्रशिक्षण विमान. दुसऱ्यात मात्र खरोखरचे दुसऱ्या महायुद्धातले हरिकेन हे लढाऊ विमान होते. वैमानिकाच्या मागे ताणलेल्या कापडाखालच्या पट्ट्या स्पष्ट उमटल्या होत्या आणि बाजूवरच्या वर्तुळात करड्या रंगाच्या दोनच छटा होत्या. जपानी विमानांवर लाल गोळा असे, त्याच्याशी गल्लत होऊ नये म्हणून ब्रिटिशांनी भारत-ब्रह्मदेश आघाडीवर आपल्या चिन्हातला लाल रंगच काढून टाकला होता आणि गडद व फिक्या निळ्यावर भागवले होते. अर्थात कृष्णधवल फोटोत छटांवर फार विसंबू नये. जुन्या काही फिल्मना लाल रंग जाणवतच नसे, त्यामुळे तो काळा उमटे आणि पिवळाही गडद दिसे.

तळाशी, पिवळ्या पडलेल्या पाकिटात, डकोटा या मालवाहू विमानाचा, कोपरा दुमडलेला एक फोटो सापडला. त्याचा मालाचा दरवाजा उजव्या बाजूला दिसत होता. डकोटाचा हा दरवाजा डावीकडे असतो, म्हणून मी शेजारी उभ्या सैनिकांच्या शर्टांकडे वळलो. त्यांच्या बटणपट्ट्याही उलट्या होत्या, म्हणजे निगेटिव्ह उलटी ठेवून छापली गेली होती. काकूंनी आणून दिलेल्या आरशात फोटो धरला तेव्हा सगळे जागच्या जागी आले. पुढे उभ्या जीपच्या जाळीत नऊ फटी होत्या. नागरी जीपला सात असतात, तेव्हा ही युद्धकाळातली. पण अशा जीपा नंतरही कित्येक वर्षे धावल्या, म्हणून तिच्यावरून तारखेची अलीकडची मर्यादा ठरत नाही. ती ठरली बाजूवरच्या चक्रामुळे. स्वातंत्र्यानंतर विमानांवर अशोकचक्र आले आणि 1950 मध्ये प्रजासत्ताक झाल्यावर त्याच्या जागी केशरी, पांढरी व हिरवी वर्तुळे आली. हा फोटो त्या मधल्या काळातला ठरतो. 27 ऑक्टोबर 1947 रोजी श्रीनगरला शीख रेजिमेंटचे जवान उतरले ते डकोटांतूनच.

हा फोटो श्रीनगरचाच आहे, असे मात्र मी म्हटले नाही. पार्श्वभूमीला एक मातीची भिंत आहे, आणि तशी भिंत कुठेही असू शकते. तुकडीचा प्रश्न तर त्याहून अवघड. अनुक्रमांकाची अक्षरे विमानाचा प्रकार सांगतात, तुकडी नव्हे. विमान एका स्क्वॉड्रनमधून दुसरीत जात राहते. तुकडी ठरवायची तर आबाजींच्या सेवापुस्तकातल्या बदल्यांच्या नोंदी हव्यात. त्या हवाई दलाच्या अभिलेख कार्यालयातून कशा मागवाव्यात, याचा अर्ज मी नातवाला तिथेच बसून लिहून दिला आणि फोटोंच्या पाठीवर बॉलपेनने काहीही लिहू नये, असे बजावले.

काकूंनी तोवर डकोटाचा फोटो वहीत सरळ करायला ठेवला होता. फ्रेम बदलायची का, असे नातवाने विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू दे तेही. आबाजी त्याच्यातच चांगले दिसतात."