दिवे घाटात आवाज गेला तेव्हा

गेल्या महिन्यात कंपनीतल्या एका पोराने विचारलं, सर तुम्ही सिगारेट कशी सोडली? पंचवीस-सव्वीसचा असेल, लाइनवर इन्स्पेक्शनला असतो. मी त्याला सगळं सांगितलं, निकोटीनचं च्युइंगगम, हेल्पलाइनचा नंबर, पहिले तीन दिवस कसे काढायचे, खिशात बडीशेप ठेव, पाणी पी. त्याने मान डोलावली आणि गेला. घरी येताना मोशीच्या सिग्नलला थांबलो होतो तेव्हा एकदम वाटलं की ह्याला आपण अर्धंच सांगितलं. कशी सोडायची हे मला पण दहा वर्षं माहीत होतंच की, माहीत असून काय उपयोग झाला? कशासाठी सोडायची ते सापडत नव्हतं. म्हणून हे लिहितोय, त्याच्यासाठी आणि असा अजून कोणी वाचत असेल तर त्याच्यासाठी.

एकोणिसाव्या वर्षी हॉस्टेलवर पहिली ओढली. चाळिसाव्या वर्षापर्यंत ओढली. दिवसाला दहा-बारा, ऑडिट असलं की पंधरा-सोळा. या एकवीस वर्षांत लोकांनी मला कारणं खूप दिली आणि सगळी खरी होती. पाकिटावरची चित्रं बघा, २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग त्या चित्राने आणि इशाऱ्याने भरलेला असतो. पण मी पाकीट घ्यायचोच कुठे, मी टपरीवर सुट्टी, म्हणजे एकेक सिगारेट घ्यायचो. टपरीवाला मला बघूनच एक काढून पुढे करायचा, पाकीट त्याच्या फळीवर, चित्र त्याच्या बाजूला. सुट्टी घेणाऱ्याला ते चित्र दिसतच नाही. २०२० च्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रात सुट्टी विकायला बंदी आली तेव्हा मला मनापासून बरं वाटलेलं, वाटलं आता बाहेरूनच थांबेल, आपल्याला काही करावं लागणार नाही. पण आमच्या गेटासमोर मिळायचं ते मिळतच राहिलं आणि मी घेतच राहिलो.

पैशाचा हिशोब पण मांडून झाला होता. पंधरा रुपयाला एक धरली तरी दिवसाचे दीडशे-पावणेदोनशे, म्हणजे वर्षाचे साठ हजाराच्या आसपास. बायकोने एकदा कागदावर लिहून फ्रिजवर लावलं होतं. तो कागद वर्षभर तिथे होता, मी त्याच्याकडे बघत पाण्याची बाटली काढायचो आणि गॅलरीत जायचो. नंतर तिने बोलणंच सोडलं. मी आत आलो की ती काही न बोलता उठून खिडकी उघडायची, बस. भांडली असती तर बरं झालं असतं असं वाटायचं.

आणि भीतीचं सांगतो, कारण लोकांना वाटतं भीती घातली की माणूस सोडतो. माझे वडील, आम्ही आबा म्हणायचो, सांगलीकडे साखर कारखान्यात होते, आयुष्यभर बिडी. माळकरी होते. माळ घातली तेव्हा मटण त्या दिवशी सुटलं, परत कधी वासाला पण उभे राहिले नाहीत, पण बिडी सुटली नाही आणि ह्याची त्यांना फार लाज वाटायची. देवळात जायच्या आधी तोंड धुवायचे, तुळशीचं पान चावायचे. गावात सगळे दमा म्हणायचे, पुण्यात आणल्यावर डॉक्टर म्हणाले सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा फुफ्फुसाचा आजार. फुफ्फुसाची तपासणी करतात ना, नळीत जोरात फुंकायचं असतं, ती करणारी मुलगी आबांच्या शेजारी उभी राहून ओरडत होती, फुंका आजोबा, फुंका, फुंका, अजून, अजून! आणि आबांच्या डोळ्यांत पाणी आलं पण श्वास संपला होता. मशीनवरची रेघ थोडीशी वर गेली आणि आडवीच झाली.

त्या दिवशी मी त्यांना खुर्चीवर बसवलं, म्हटलं फाइल घेऊन येतो, आणि खाली जाऊन लागोपाठ दोन ओढल्या. इतका घाबरलो होतो. तेव्हा मला कळलं नव्हतं पण आता कळतं, भीती वाटली की माझा हात खिशात जायचा, एकवीस वर्षं भीतीवरचं औषध मी तेच घेत होतो. मग भीतीच घालून मला सिगारेटपासून कसं सोडवणार? शेवटच्या वर्षी आबा झोपायचे बसून, गुडघ्यावर हात टेकून पुढे वाकून, ऑक्सिजनचं मशीन रात्रभर घुर्रर्र करत असायचं, आणि मी त्यांच्या खोलीचं दार ओढून गॅलरीत असायचो. त्यांनी मला एकदा पण सोड म्हणून सांगितलं नाही. त्यांना वाटत असणार आपल्याला काय तोंड आहे सांगायला. २०२० च्या डिसेंबरमध्ये गेले.

आबांनी अकरा वाऱ्या केल्या होत्या, पायी, आळंदी ते पंढरपूर. त्यांचा आवाज असा होता की दिंडीत मागे चालणाऱ्याला पण ऐकू यायचा, आणि छाती बिघडल्यावर सगळ्यात आधी गेला तो आवाज, चालणं नंतर गेलं. ते गेल्यावर त्यांचे टाळ मी पुण्याला आणले. पुढच्या वर्षी पायी वारी नव्हती, कोरोनामुळे दोन वर्षं पादुका एसटीने गेल्या. २०२२ ला वारी परत सुरू झाली तेव्हा मी ठरवलं की सगळी नाही तरी पुणे ते सासवड चालायचं, तो सगळ्यात मोठा टप्पा, आबांचे टाळ घेऊन.

२४ जून होता. हडपसरपर्यंत मजेत गेलो. पहाटेपासून पाच-सहा झालेल्या, रांगेतून बाजूला व्हायचं, टपरी गाठायची, परत पळत येऊन दिंडी गाठायची. मग दिवे घाट लागला. ज्यांनी बघितलाय त्यांना माहीत आहे, खालून वर बघितलं की वळणावळणाने नुसती पांढरी टोप्यांची रेघ हलत असते, रथाला जादा बैलजोड्या लावलेल्या असतात, आणि चढ असूनसुद्धा कोणाचं म्हणणं थांबत नाही. ज्ञानोबा माउली तुकाराम. मी टाळ वाजवत होतो आणि तोंड उघडलं तर नुसती हवा. पहिला शब्द निघायचा, दुसऱ्याला श्वासच नाही. मला वाटलं चढामुळे असेल, थोडं सावकाश चाललो, परत प्रयत्न केला, खोकल्याची जी उबळ आली ती थांबेना, कठड्याला धरून उभा राहिलो.

बाजूने एक आजी चालल्या होत्या, सत्तरीच्या नक्की पुढच्या, डोक्यावर तुळशीवृंदावन, पायात साधी चप्पल. त्या गात गात थांबल्या, माझ्याकडे बघितलं, म्हणाल्या, "बस बाबा जरा, पानी पी. माउली कुटं पळून जात न्हाई." आणि जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे म्हणत निघून गेल्या. आवाज तसाच, दम लागल्याचं नाव नाही.

मी तिथे बसलो वीस-पंचवीस मिनिटं. रडलो पण. कॅन्सर, हार्ट, पैसे, काहीही डोक्यात नव्हतं, डोक्यात एवढंच होतं की आबांचे टाळ इथपर्यंत आले आणि त्यांच्या पोराला एक नाव सलग घेता आलं नाही. त्यांचा आवाज सत्तरीत गेला, माझा चाळिशीतच गेला. आणि मग असं वाटलं, पहिल्यांदा आयुष्यात वाटलं, की मला काहीतरी परत पाहिजे आहे. आतापर्यंत सगळे मला सोड सोड म्हणत होते, म्हणजे हातातलं काहीतरी द्यायचं. इथे मला घ्यायचं होतं. ह्या घाटात वरपर्यंत म्हणत जाता येईल एवढा श्वास.

दुसऱ्या दिवशी हेल्पलाइनला फोन केला, १८००-११-२३५६, हा नंबर २०१८ पासून पाकिटावरच छापलेला असतो, सुट्टी घेणाऱ्याला तो पण दिसत नाही, मी मुद्दाम टपरीवाल्याकडून पाकीट मागून बघितला. मराठीत बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी लेक्चर दिलं नाही. पहिली उठल्यावर किती वेळाने ओढता, कुठे ओढता, कोणाबरोबर, असं विचारलं आणि म्हणाल्या तारीख ठरवा. मी म्हटलं आषाढी एकादशी. १० जुलै, रविवार होता, सुट्टी, म्हणजे पहिल्या दिवशी कंपनीची टपरी पण समोर नाही.

आता तांत्रिक थोडं सांगतो कारण मला त्याने मदत झाली. झुरका घेतला की निकोटीन दहा-वीस सेकंदात मेंदूत पोहोचतं, आणि रक्तातलं साधारण दोन तासांत निम्मं होतं. म्हणून दोन तासाची मीटिंग झाली की आपण दारात उभे असतो, त्यात आपला स्वभाव वाईट वगैरे काही नाही. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कडक, मग तीन-चार आठवड्यांत शरीराचं बरचसं शांत होतं. एक तलफ काही मिनिटंच टिकते, ओढा किंवा न ओढा, ती जातेच, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. २ मिलीग्रॅमचं निकोटीन गम चिठ्ठीशिवाय मिळतं पण ते साध्या च्युइंगगमसारखं चघळत राहायचं नसतं, मी तसंच केलं आणि उचक्या लागल्या. थोडं चावायचं, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं, थोड्या वेळाने परत. आणि त्याच्या आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको.

घाटाचं कारण मला साधारण दोन-तीन महिने पुरलं. हे कोणी सांगत नाही, की कारण पण जुनं होतं. नोव्हेंबरपर्यंत मी जिना चढताना गुणगुणायला लागलो होतो, म्हणजे पाहिजे होतं ते थोडं मिळालं, आणि मिळालं की त्याची किंमत कमी होते. डिसेंबरमध्ये आबांच्या श्राद्धाला गावी गेलो, रात्री चुलतभावाबरोबर ओट्यावर बसलो होतो, जुन्या गोष्टी निघाल्या, त्याने पुढे केली, मी घेतली. पुण्याला येताना पाकीट घेऊन आलो. चार दिवस ओढली. पाचव्या दिवशी गॅलरीतून आत आलो आणि बायको उठली, खिडकीकडे गेली. पाच महिने ती खिडकीकडे गेली नव्हती, हे मला तेव्हा लक्षात आलं. उरलेलं पाकीट मी तिच्यासमोर बेसिनमध्ये भिजवलं. ती काही बोलली नाही, पण रात्री चहा करून आणून दिला, साडेअकराला.

तेव्हापासून माझं कारण ती खिडकी आहे. आणि अजून एक आहे, ते सांगायला जरा अवघड आहे. एकवीस वर्षं माझ्या डोक्यात एक हिशोब चालू असायचा, किती उरल्यात, पुढची टपरी कुठे, रेल्वे कुठल्या स्टेशनला किती मिनिटं थांबते, सासरी गेलो की कोणत्या निमित्ताने बाहेर पडायचं. पोरीच्या गॅदरिंगला तिचा नाच चालू असताना मी घड्याळ बघत होतो. तो हिशोब बंद झाल्यावर डोक्यात जी जागा मोकळी झाली ना, ती मला एवढी मोठी असेल असं वाटलं नव्हतं. आता पिक्चर पूर्ण बघतो. जेवण झाल्यावर ताटावर बसून राहतो, बोलत.

मग वाचायला लागलो तेव्हा एक गोष्ट सापडली जी मी मोबाइलमध्ये लिहून ठेवलीय. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल नावाचे संशोधक होते, त्यांनी १९५१ पासून तिथल्या डॉक्टरांच्याच सवयींची नोंद ठेवली, तब्बल पन्नास वर्षं, आणि २००४ मध्ये निकाल मांडला. आयुष्यभर ओढणाऱ्यांचं आयुष्य सरासरी १० वर्षांनी कमी होतं, आणि साठीत सोडली तर त्यातली ३ वर्षं परत मिळतात, पन्नाशीत ६, चाळिशीत ९, तिशीत जवळजवळ सगळी. सरासरी आहे, माझ्या नावाने कोणी लिहून दिलेलं नाही, हे समजतं मला. पण चाळीस हा आकडा वाचला तेव्हा मी बराच वेळ मोबाइल हातात धरून बसलो होतो. आबांना तिशीत किंवा चाळिशीत कोणी हे सांगितलं असतं तर, असं वाटत राहिलं.

२०२३ ला परत गेलो. घाट पूर्ण गात चढलो असं सांगायला मला आवडलं असतं, पण तसं झालं नाही, दोनदा थांबावं लागलं, पाणी प्यायलो, मग परत म्हणायला लागलो. वर पोहोचलो तेव्हा घसा बसलेला होता, पण म्हणून म्हणून बसलेला. त्या आजी कुठे दिसतात का बघत होतो. एवढ्या गर्दीत कुठे दिसणार.

परवा तो पोरगा परत आला. म्हणाला सर, तिसरा दिवस आहे, खूप चिडचिड होतेय, आईवर ओरडलो सकाळी. मी त्याला ह्या वेळी कशासाठी सोडतोयस असं विचारणार होतो, पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून नाही विचारलं. सापडलेलं दिसतंय काहीतरी, त्याचं त्याच्याजवळ. साडेचारच्या ब्रेकला त्याला घेऊन मागच्या गेटाऐवजी पुढच्या गेटाने बाहेर पडलो, तिकडच्या टपरीवर नुसता चहा मिळतो. दोन कटिंग घेतले. उद्या पण जाणार आहोत.